सायकलवाल्यांच्या घरावरचे छप्पर

मी एक जुने छप्पर आहे. खरे तर आता अर्धेच जुने आहे. माझा पुढचा उतार नवा कोरा आहे आणि मागचा अजून तोच, पहिल्या दिवसापासूनचा. पण मित्रांनो, अर्धे अंग नवे झाले म्हणून काळजी अर्धी होत नाही. आमच्याकडे वर्षातले निम्मे महिने पाऊस असतो. जरा आभाळ भरून आले की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. कुठले कौल सरकले, कुठे पाणी अडले, हाच घोर. पूर्वी मी असे नव्हते. हा घोर मला कसा लागला ते सांगते.

शहराच्या टोकाला, बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे आमची गल्ली आहे. दोन्ही बाजूंना बैठी घरे, एकासारखे एक, आणि मध्ये झुडपांची कुंपणे. त्यातल्या एका घरात सायकल दुरुस्तीचे दुकान चालवणारा एक तरुण नुकतीच लग्न झालेली बायको घेऊन राहायला आला. त्याला सगळे सायकलवाले म्हणत. बायको शाळेत शिकवायची, म्हणून ती झाली बाई. राहायला यायच्या आधी, माझे वासे उभे राहत होते तेव्हा, दोघेही दुपारी डबा घेऊन समोर बसत आणि मान वर करून बघत. कौले आली तेव्हा सायकलवाल्यांनी ती स्वतःच्या हाताने एकेक करून वर दिली. प्रत्येक कौलावर बोटाने टकटक करायचे, कान द्यायचे, मगच पुढे. चांगले कौल खणखणीत वाजते आणि चिरलेले बद्द, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

पुढे कितीतरी वर्षे मी तोऱ्यात काढली. दरवर्षी पाऊस तोंडावर आला की सायकलवाले शिडी काढत. कौलांची उस्तवारी, म्हणजे शाकारणी, ते स्वतःच करत. पालापाचोळा झाडायचा, फुटकी कौले बदलायची, पन्हळीतला गाळ काढायचा. त्यांच्या अनवाणी पायांचा भार मला ओळखीचा होता. गल्लीतले लोक म्हणायचे, "छप्पर ठेवावं तर सायकलवाल्यांनी." मी फुगून जात असे. त्यांना मुलगी झाली. लाडाने ते तिला ठकू म्हणत. तिची खोली माझ्या पुढच्या उताराखाली होती.

मग एका वर्षी काय झाले, ते नेहमीसारखे वर आले आणि थेट माथ्यावरच्या आढ्यापर्यंत पोचले. तिथे उभे राहून मागे वळले मात्र, आणि त्यांचा तोल गेला. ते पालथे पडले. दोन्ही हातांनी त्यांनी माझे आढे धरले आणि गाल कौलाला लावून तसेच पडून राहिले.  खालून बाईंनी विचारले, "अहो, चहा टाकू का?" त्यांनी आवाज सावरून उत्तर दिले, "टाक, आलोच." आणि बसल्या बसल्या घसरत घसरत शिडीपर्यंत आले. घरात कोणाला काही बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी त्यांनी शिडी काढली ती घराच्या मागे, कोणाला दिसणार नाही अशी लावली. वरच्या पायरीवर बसून त्यांनी हात पोचेल तेवढा पाला झाडला, थोडा खाली अंगणात दिसेल असा टाकला आणि उतरले. त्यानंतर दरवर्षी तेच. मागचा उतार असा थोडाफार झाडला जाई. पुढच्या उताराकडे मात्र कोणी फिरकले नाही.

मित्रांनो, मला तोंड नाही. असते तर मी ओरडले असते. शेवाळ चढत होते, एक कौल घसरून त्याच्या शेजारच्याला टेकले होते, पन्हळीत रोप उगवले होते. त्या घसरलेल्या कौलाखालून पाणी आत शिरे, वाशावरून ओघळत जाई आणि ठकूच्या खोलीच्या लाकडी छतावर जाऊन साचे. रात्रंदिवस मला ते जाणवत होते. अंगात काटा रुतला आहे आणि काढता येत नाही, असे झाले होते.

खाली छताला ओल धरली. सायकलवाल्यांनी रंग दिला. पुढच्या पावसात डाग परत आला, आणखी मोठा होऊन. त्यांनी परत रंग दिला.

बाई म्हणाल्या, "आपण सुताराला बोलावू या का एकदा?"

"मी असताना सुतार कशाला? हवाच दमट आहे. सगळ्यांच्याच घरात ओल आहे."

बाईंनी विषय सोडला. नवऱ्याच्या हातावर त्यांचा विश्वास होता.

एव्हाना ठकू मोठी होऊन नर्स झाली होती. रात्रपाळी करून ती सकाळी घरी येई आणि दुपारपर्यंत झोपे. त्या दिवशी पावसाने ताळतंत्र सोडले होते. माझा एक वासा आतून पार भुसभुशीत झाला होता. मी होता होईल तेवढे धरून ठेवले. वासा करकरला. ठकूने डोळे उघडले, वर बघितले, मांजर असेल असे वाटून कूस बदलली. आणि भिंतीकडे सरकली म्हणून वाचली. छताची फळी, ओला गाळ आणि माझी कौले धाडकन तिच्या पलंगावर पडली.

सायकलवाले धावत आले. दुसरी फळी लोंबकळत होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी वर रेटून धरली. गढूळ पाणी त्यांच्या तोंडावर पडत होते. बाईंनी लेकीला ओढून बाहेर काढले. ठकूच्या खांद्याचे हाड मोडले होते. गाडी आली, दोघी दवाखान्यात गेल्या, तरी सायकलवाले फळी धरून उभेच होते. शेजारच्या पोस्टमनकाकांनी येऊन त्यांचे हात सोडवले.

पाऊस उघडला त्या दिवशी बाईंनी साडीचा पदर खोचला आणि शिडी लावली. घराच्या पुढे लावली. सायकलवाले म्हणाले, "अगं, तू कुठे चाललीस?" बाईंनी लक्ष दिले नाही. माझ्या पुढच्या उतारावर इतक्या वर्षांनी माणसाचा हात पडला. बाईंनी कडेला थांबून शेवाळात बोट खुपसून पाहिले.

"अहो," त्या वरूनच म्हणाल्या, "इथे शेवाळ बोटभर वाढलंय. आणि पन्हळीत झाड आहे, चांगलं गुडघ्याएवढं. तुम्ही वर येऊन किती वर्षं झाली?"

सायकलवाल्यांनी शिडी घट्ट धरली होती. ते खाली मान घालून म्हणाले, "मला वर गेलं की चक्कर येते. बरीच वर्षं झाली."

"मग सांगायचं नाही का? मी काही बोलले असते का तुम्हाला?"

"बोलली नसतीस. पण दुसरा माणूस बोलावला असतास."

"हो, बोलावला असता."

"मग मी काय करायचं होतं?"

 दारात ठकू उभी होती, हात गळ्यात बांधलेला. ती म्हणाली, "बाबा, मी रात्रभर लोकांना हेच विचारत फिरते. चक्कर येते का, कधीपासून येते. घरी तेवढं विचारायचं राहून गेलं." मग ती अंगणातल्या बाकावर बसली आणि शेजारची जागा थोपटत म्हणाली, "या, बसा. कधीपासून येते ते नीट सांगा."

सुतार आला. मोठ्या आवाजाचा, घाईचा माणूस. वर चढून म्हणाला, "यापेक्षा चाळणी बरी." त्याने माझा पुढचा उतार भराभरा उतरवायला घेतला. मित्रांनो, आपले अंग उघडे पडताना बघणे सोपे नसते. कुजलेले वासे निघाले, उघड्या जागेवर ताडपत्री बांधली गेली, आणि ढग दाटून आले की ती फडफडू लागे. मागचा उतारही काढायचे त्याच्या मनात होते. सायकलवाले म्हणाले, "आधी मला बघू द्या." ते अंगणात पोत्यावर बसले. सुताराची माणसे वरून कौले देत आणि ते बोटाने टकटक करून दोन ढीग लावत. मागच्या उताराची बहुतेक कौले खणखणीत निघाली. तेव्हा सुतार म्हणाला, "काका, उद्या पण बसा इथे. माझी घाई वाचते." सायकलवाले दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी पोत्यावर हजर होते.

आढ्यावरचे शेवटचे कौल बसले तेव्हा थेंब पडायला सुरुवात झाली होती. सुतार शिव्या घालतच उतरला. घरातले तिघे ठकूच्या खोलीत जमले आणि छताकडे बघत उभे राहिले.  मीही श्वास रोखला होता. पाऊस वाढला, पन्हळ वाहू लागली, आत काहीच पडले नाही. तरी तिघांपैकी कोणी लवकर हलले नाही.

हल्लीच एका संध्याकाळी सायकलवाले कुंपणापाशी गेले. पलीकडे पोस्टमनकाका झाडे छाटत होते. त्यांच्या छपरावरही शेवाळ आहे, मला इथून दिसते.

"मला आता वर चढता येत नाही," सायकलवाले म्हणाले. "तुम्हाला येतं का अजून?"

पोस्टमनकाकांची कात्री थांबली. त्यांनी आपल्या छपराकडे पाहिले, मग आपल्या गुडघ्यांकडे. आणि म्हणाले, "तुमचा तो सुतार आहे ना, त्याला जरा इकडेही पाठवा."

मित्रांनो, तुमच्या डोक्यावरही माझ्यासारखे कोणीतरी आहे. पाऊस यायच्या आधी त्याच्याकडे एकदा बघा; डाग दिसला तर त्यावर रंग फासू नका, पाणी कुठून येते ते शोधा. आणि घरात जो माणूस वर्षानुवर्षे हे काम मुकाट्याने अंगावर घेत आला आहे, त्याला जवळ बसवून विचारा की आता जमते का. तो पटकन खरे सांगणार नाही. तुम्ही उठू नका, बसून राहा.