भाजीचं पाणी

विजयाच्या स्वयंपाकघरात फेकण्यालायक असं काही नसायचंच. दुधीची साल चटणीत जायची, फणसाच्या आठळ्या डाळीत, कोलंबीची डोकी रश्शात. नारळाचं दोनदा दूध काढून झालं तरी चोथ्याची सुटका नव्हती, तो सुक्या चटणीसाठी तव्यावर चढायचा. कोंड्याचा मांडा करणारी बाई म्हणतात, ती ही. खरं तर तिला कोंड्याची वेळ कधी आलीच नव्हती. वाणगावच्या पश्चिमेला त्यांची नारळ, चिकू, केळी आणि मिरचीची वाडी होती, घरात काही कमी नव्हतं. पण पिकवणाऱ्याच्या घरात टाकणं हे पाप, असं तिची सासू म्हणायची, आणि सासूचं बाकी काही पटलं नसलं तरी एवढं विजयाला पटलं होतं.

तिच्या हाताला चव होती आणि ते तिला माहीतही होतं. गावात कुणाकडे उकडहंडी, म्हणजे कंद-शेंगांची मडक्यात शिजवलेली भाजी, लागायची असली की कंद किती, शेंगा किती हे लोक आधी विजयाला विचारून जायचे. मे महिन्यात ती माळ्यावरून आइस्क्रीमचा संचा काढायला लावायची. लाकडी बादलीत बर्फ आणि खडेमीठ, मधल्या डब्यात आटवलेलं दूध आणि चिकूचा गर, आणि दांडा फिरवायला तिचा नवरा. त्याला सगळा गाव तात्या म्हणायचा. तात्यांचा हात भरून आला की ती म्हणायची, "खाताना नाय भरून येत तो? फिरवा गप."

मागच्या दिवाळीनंतर तात्यांच्या किडन्यांनी मान टाकली. एक दिवसाआड बोईसरला डायलिसिसच्या मशीनवर जाणं सुरू झालं. मुलगा मितेश कारखान्यात जाताजाता त्यांना सेंटरवर सोडायचा, आणि सून तेजल परत आणायची. त्याचीही सवय झाली असती. माणसाला कशाची सवय होत नाही? पण डॉक्टरांनी खाण्यातलं जे जे बंद केलं, त्याने विजयाचे हातच बांधले गेले. शहाळं नको, नारळ नको, केळं नको, चिकू नको, आंबा नको. वाडीतून फिरून एकेका झाडावर बोट ठेवावं तशी ती यादी होती. पाणीसुद्धा मापाने. या सगळ्यांत पोटॅशियम असतं म्हणे, आणि बिघडलेली किडनी ते बाहेर टाकत नाही. ते रक्तात साचलं की एखाद दिवशी हृदयच थांबतं.

सेंटरवरच्या डाएटिशियन मुलीने, प्रियंकाने, भाजीची रीत समजावून सांगितली होती. भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं, आणि मग उरलेल्या भाजीला फोडणी. विजयाने मान डोलावली. एवढंच ना? करू की.

पहिल्या दिवशी ती उकळलेलं पातेलं घेऊन मोरीपाशी उभी राहिली आणि तिचा हात काही वाकेना. पाण्याला भाजीचा रंग होता, भाजीचा वास होता, आणि चाळणीत जे उरलं होतं ते पांढरंफटक. जे खायचं ते फेकायचं आणि जे फेकायचं ते खायचं, असला कसला स्वयंपाक? आधीच माणूस वाळून काटकी झालेला. त्याच्या पोटात सत्त्व जायचं तरी कुठून?

मग तिने आपल्या अकलेने तोड काढली. तात्यांना पाणी कमी द्यायचं, हे तिला कबूल होतं. पण तांदळाच्या भाकरीची उकड काढायला उकळतं पाणी लागतंच. त्यात पीठ टाकायचं, झाकण ठेवायचं, मळायचं. मग नळाचं पाणी काय आणि हे काय? आणि एकदा पिठात जिरल्यावर ते पाणी राहिलंच कुठे? ती भाकरी झाली. तिने ते पाणी पुन्हा चुलीवर ठेवलं आणि त्यातच उकड काढली. कुणापासून लपवून नाही आणि कुणाला सांगूनही नाही. भाकरीला कुठलं पाणी घेतलं हे कोण कुणाला सांगत बसतं?

घात झाला तो इथे. भाजीतून जे काढून टाकायला सांगितलं होतं, ते सगळं ती त्यांना रोज भाकरीतून खाऊ घालत होती, प्रेमाने, गरमागरम.

तात्या भाजी चिवडत बसायचे. "भिजलेलं पोतं खातोय असं वाटतंय," असं म्हणायचे. "पन भाकरी बरी हाय गो तुझी. चव हाय तिला." आणि आणखी अर्धी मागून घ्यायचे. तेवढ्यावर विजयाचा दिवस गोड व्हायचा.

रक्ताचा पहिला रिपोर्ट वाईट आला, पोटॅशियम वाढलेलं. दुसरा त्याहून वाईट. डॉक्टरांनी चष्म्यावरून तात्यांकडे बघत विचारलं, "काका, बाहेरचं काय खाता?"

"काय नाय," तात्या म्हणाले.

यावर कुणी विश्वास ठेवावा? तात्या म्हणजे हयातभर चिकूच्या पाटीत हात घालून बसलेला माणूस. घरी येताच विजयाने कारभार हातात घेतला. पिकायला ठेवलेल्या चिकूंच्या खोलीला मितेशने कुलूप लावलं. वाडीत कामाला येणाऱ्या नवसीला विजयाने पाळतीवर बसवलं. तात्या झाडाखाली गेले की नवसीने लांबून बघायचं. नवसी बिचारी दोन-तीन दिवसांनी येऊन सांगायची, "आई, तात्या नुसतं बसतात. खात नाय काय."

"तुझी पाठ फिरली की खात असतील," विजया म्हणायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! भाकरीची परात तिच्या मांडीवर असायची आणि ती चोर शोधायची वाडीत.

होळी झाली आणि उन्हं तापली. एका सकाळी तात्यांना पलंगावरून उठताच येईना. पाय आपले नाहीतच असं ते म्हणत होते, आणि छातीत काहीतरी चुकल्यासारखं होत होतं. मितेशने गाडी काढली. त्या दिवशी मशीन मिळाली, वेळ टळली. पण डॉक्टरांनी मितेशला बाजूला नेऊन सांगितलं की हृदयावर ताण आलाय, असं पुन्हा झालं तर हातात काही राहणार नाही.

तात्यांना घरी आणल्यावर विजयाचा तोल सुटला. कित्येक दिवसांची भीती तिच्या तोंडातून राग होऊन बाहेर पडली. "जिभेचे चोचले पुरवायला जीव द्यायचाय तुमाला? मी इकडे जळते त्याचं काय नाय? सांगा, काय खाल्लंत?"

"विजे, आईशपथ, काय नाय खाल्लं."

"मंग वाढलं कुठून? हवेतून?"

तात्या तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर तिच्या पाठीमागे स्वयंपाकघराच्या दारात गेली आणि तिथेच थोडी थांबली. विजया पदराने डोळे पुसत होती, तिचं लक्ष नव्हतं.

"खाल्ला," तात्या म्हणाले. "चिकू खाल्ला एक-दोनदा. झालं समाधान?"

आणि खरंच तिचं समाधान झालं. वाईट वाटलं, संताप आला, पण आत कुठेतरी हायसं वाटलं. चोर सापडला. आता आपण डोळ्यांत तेल घालून बसलं की भागलं. दुसऱ्या दिवशी तिने जास्तच निगुतीने भाजी उकळली, आणि त्या पाण्याची भाकरी जास्तच मऊ केली.

पुढचा रिपोर्ट तसाच आला. तेव्हा प्रियंकाने विजयालाच बोलावून घेतलं. तात्या पलीकडच्या खुर्चीत, हाताला नळ्या लावून पडले होते. तेजल शेजारी उभी होती.

"काकू, तुम्ही सकाळपासून काय काय करता, ते मला सांगा बघू. रागावणार नाही मी."

रागवायचं काय त्यात? विजयाने खडान्‌खडा सांगितलं. स्वयंपाकाबद्दल कुणी विचारलं की तिला बोलायला आवडायचंच. भाजी किती बारीक चिरते, किती वेळ उकळते, पाणी कसं निथळते. "एक थेंब ठेवत नाय भाजीत. मंग त्याच पान्यात भाकरीची उकड काढते, म्हंजे सत्त्व वाया..."

ती थांबली. प्रियंकाने लिहिता लिहिता पेन उचललं होतं. तेजलने हळूच "आई" म्हटलं आणि सासूच्या खांद्यावर हात ठेवला. कुणी काही समजावून सांगायची गरजच उरली नाही. विजयाला आपलंच वाक्य आपल्या कानांनी ऐकू आलं होतं.

"काकू, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत," प्रियंका म्हणाली. "मीच नीट विचारायला हवं होतं." बोलणं चांगलंच होतं, पण विजयाच्या काही कामाचं नव्हतं. दिवाळीपासून होळी उलटेपर्यंत तिने नवऱ्याला स्वतःच्या हाताने काय भरवलं, हे तिच्या डोक्यात घुमत राहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि संन्याशाने तर गुन्हा कबूलही केला होता.

ती उठून तात्यांच्या खुर्चीपाशी गेली. "तुमी चिकू खाल्लाच नव्हता. मंग खाल्ला म्हनून का सांगितलंत?"

तात्यांनी डोळे मिटून घेतले. मशीन चालू होती.

त्या दिवसापासून विजयाने चूल सोडली. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं, तिचेच हात उठेनात. कणग्यांचे कंद सोलायला घेतले की त्यात विष दिसायचं, मिठाला हात लावला की मीठ किती हेच आठवायचं नाही. जिच्याकडे गाव उकडहंडीचं माप विचारायला यायचं, ती बाई स्वतःच्या घरात पाणी भरलेला पेला तात्यांना द्यावा की नाही हे सुनेला विचारायला लागली. तेजल सकाळी लवकर उठून सगळं करायची आणि सांगितल्याप्रमाणे पाणी मोरीत ओतायची. ते ओतल्याचा आवाज विजयाला ओटीवर बसल्या जागी ऐकू यायचा.

आणि रिपोर्ट सुधारला. तेजलच्या हातचं खाऊन तात्यांचं रक्त ताळ्यावर आलं. सगळे खूश झाले, मितेशने पेढे आणले, अर्थात तात्यांना सोडून. विजयाला आनंद झाला नाही असं नाही. पण आता शंकेलाही जागा उरली नव्हती. जे झालं होतं ते तिच्याच हाताने झालं होतं, आणि त्याने हृदयावर जो ताण आला होता तो काही परत जाणार नव्हता. डॉक्टरांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं. सांभाळायचं, एवढंच.

मे लागला. वाऱ्याचं नाव नव्हतं, तारापूरकडून यायची खारी झुळूकही बंद झाली होती. तात्यांचे ओठ सुकून सालं निघत होती. एका दुपारी ते तेजलला म्हणाले, "पोरी, तुझं सगळं चांगलं हाय. वाईट वाटून घेऊ नको. पन तुझ्या सासूला सांग, मला तिच्या हातचं कायतरी थंड पाहिजे. चमचाभर चालंल."

तेजलने प्रियंकाला फोन केला. अननस थोडा चालेल, ती म्हणाली. वाटून, साखर घालून, गोठवून द्या, दोन चमचे, आणि दिवसाच्या पाण्यात धरा. विजया नाही नाही म्हणत होती, तेजलने तिला ओढत ओट्यापाशी नेलं. कितीतरी दिवसांनी विजयाने सुरी हातात धरली. अननस चिरला, वाटला, गाळला, साखर घातली. चव बघायला बोट बुडवलं आणि न चाटताच धुऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वाटी घेऊन ओटीवर आली. तळाशी पिवळा बर्फ, खरवडून भुसभुशीत केलेला, वर काही नाही. तात्या झोपाळ्यावर सरसावून बसले. लहान पोरासारखे खूश दिसले. विजया त्यांच्यापुढे उभी राहिली आणि तिथेच खिळली.

"तेजल, हे नक्की चालतं ना?"

"आई, तुमच्यासमोर तर फोन केला."

"पुन्हा एकदा विचार."

तेजलने पुन्हा फोन लावला, आवाज मोठा करून ऐकवला. चालतं, काकू, बिनधास्त द्या. विजयाने मान हलवली, पण वाटी काही पुढे केली नाही.

"दे ना विजे," तात्या म्हणाले. "वितळतंय."

"तेजल देईल."

"तेजल कशाला? तू केलंस ना?"

"मीच केलंय. म्हनून तर धीर होत नाय." तिला रडू फुटलं. "माज्या हातचं नका खाऊ तुमी. माज्या हातानंच झालं सगळं."

तात्यांना तिची समजूत घालायची होती आणि त्यांना जे सुचलं ते ते बोलून गेले. "अगो, मी वाडीत काय खाल्लं नाय, हे माझं मला ठाव होतं ना? मंग ते घरातूनच जातंय, एवढं मला कळलं नसंल? तरी खाल्लीच ना तुझी भाकरी रोज. आता दोन चमच्यांना काय घाबरतेस? दे."

त्यांनी हात पुढे केला. विजया त्यांच्याकडे बघतच राहिली. वाटी तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. त्यांचा हात पुढेच होता आणि तिला ती वाटी सोडवेना. बघता बघता आतल्या बर्फाचं पाणी झालं.