हौद भरल्याशिवाय शूटिंग नाही

सुभद्राबाईला टीव्हीतलं एकही माणूस पसंत नव्हतं, आणि हे ती कुणी न विचारता सांगायची. दुष्काळात कड्याजवळच्या माळावर सोसायटीनं चारा छावणी काढली, तेव्हा ती एक गाय आणि दोन बैल घेऊन तिथं राहायला आली. मतंही सोबत आणली. सोसायटीचे चेअरमन मोहनराव यांनी छावणीत टीव्ही बसवला होता. पाणी कमी पडलं तरी चालेल, करमणूक कमी पडू नये, असं त्यांचं धोरण असावं. पेंड बंद झाली होती, म्हणून संध्याकाळी जनावरांपुढं नुसतं उसाचं वाढं टाकून माणसं टीव्हीपुढं बसत. मालिका सुरू झाली की सुभद्राबाईही सुरू होई.

"ही बघा गरिबाची सून. घरात दाना न्हाई म्हनती, अन् अंगावर पैठणी. इतकी रडायली, पन काजळ जागच्या जागी!"

शेजारची छबुबाई वैतागायची. "मावशे, गप बस की. सासू तिला हाकलायली, ते तरी ऐकू दे."

"सासू व्हय ती? सुनंपेक्षा ल्हान दिसती. केसाला चुना लावला की झाली सासू!"

मालिकेतला कष्टाळू शेतकरी भारत नावाचा एक नट करायचा. त्याच्यावर तर तिचा विशेष राग. दिवसभर नांगर हाकून त्याच्या सदऱ्याची इस्त्री मोडत नसे. "कुदळ कशी धरलीय बघा. वरातीत बाजा वाजवायला निघाल्यावानी."

पुढं सोसायटीची निवडणूक आली. छावणीतल्या हौदाचा तळ दिसत होता, पण मोहनरावांना फक्त मतदान दिसत होतं. त्यांनी छावणीची फिल्म काढायची ठरवली आणि थेट भारतलाच बोलावलं. त्याच्यासोबत एक गरीब शेतकरी बाई हवी होती. तशा छावणीभर होत्या, पण कॅमेऱ्याला न बुजणारी सुभद्राबाईच. तिनं एवढंच म्हणायचं होतं, "चेअरमनसाहेबांच्या कृपेनं जनावराला पोटभर चारापाणी मिळतंय."

भारत इस्त्रीच्या सदऱ्यात उभा राहिला. सुभद्राबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग मागं वळून पाहिलं.

"हे वाक्य मी म्हनायचं, अन् मागं कोरडा हौद?"

"हौद दिसायचा नाही, मावशी," मोहनराव म्हणाले. "कॅमेरा तुमच्या तोंडावर आहे."

"म्हंजे खोटं बोलायलेली तेवढी दिसणार! आवो, लोक हसतेल. मी सोता हसते असल्या कामाला."

भारतला हसू आलं. "साहेब, आजींचं बरोबर आहे. हौद रिकामा असेल तर शॉट मेला."

छावणीत पाणी मागणाऱ्यांना मोहनराव महिनाभर 'बघू' म्हणत होते. पण आता नट बोलला होता. त्यांनी फोन लावला आणि मेहुण्याच्या डाळिंबाच्या बागेकडं निघालेला टँकर वळून छावणीत आला.

हौद काठोकाठ भरला. पाण्याचा वास लागताच जनावरं दावी ओढायला लागली. गड्यांनी ती सोडली. सुभद्राबाईनं वाक्य म्हटलं, पण भारत आपलं विसरला. पुन्हा घ्यायचं ठरलं, तोवर हौद निम्मा झाला होता.

"मगाशी भरल्याला हौद आता निम्मा?" सुभद्राबाई खरोखर चिडली. "बघनाऱ्याला डोळे न्हाईत काय?"

"कंटिन्युइटी," भारत म्हणाला. "आधीच्या शॉटला जसं होतं, तसंच पाहिजे."

हा शब्द तिला फार आवडला. ती मोहनरावांना म्हणाली, "ऐकलं का? कंटिनुटी पायजे."

दुसरा टँकर आला. या वेळी तिची गाय हौदाशी होती. गायीनं पोटभर पाणी ओढलं, मान वर करून फुरफुरली आणि पुन्हा तोंड बुडवलं. जनावर पिऊन थांबलंय आणि मग मर्जीनं परत पितंय, हे सुभद्राबाईनं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. ती गायीकडं बघतच राहिली. वाक्य अर्ध्यात राहिलं.

"काय झालं, आजी?" भारतनं विचारलं.

"इसरले," ती म्हणाली. मग लांबच्या दावणीकडं बघत हळूच बोलली, "तिकडची जनावरं अजून राह्यलीत रे."

भारतनं तिकडं पाहिलं. त्यानंतर त्याला एकही वाक्य आठवेना. कधी जीभ अडखळली, कधी ठसका लागला. हौद रिता व्हायचा, मोहनराव कपाळ पुसत फोन लावायचे. दिवस कलेपर्यंत लांबची दावणसुद्धा पिऊन झाली, तेव्हा कुठं दोघांची स्मरणशक्ती परत आली.

"आता जरा कामात जीव आला तुज्या," सुभद्राबाईनं भारतला सांगितलं. तो वाकून तिच्या पाया पडला.

फिल्म घरोघरच्या मोबाईलवर गेली. मोहनराव निवडून आले, आणि तिथंच अडकले. 'आदर्श छावणी' बघायला पुढारी, पत्रकार, कुठली कुठली शिष्टमंडळं यायला लागली. कोण कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून हौद भरलेलाच ठेवावा लागला. डाळिंबवाला मेहुणा बोलेनासा झाला.

प्रत्येक पाहुण्यापुढं तेच वाक्य म्हणून सुभद्राबाई मात्र कंटाळली. एक दिवस तालुक्याचे साहेब आले आणि त्यांनी विचारलं, "आजी, काही अडचण आहे का?"

मोहनराव तिच्याकडं टक लावून बघत होते.

"पान्याची तर काईच न्हाई, साहेब," ती म्हणाली. "तेवढी पेंड का म्हून बंद झाली, ते चेअरमनसाहेब सांगतेल."

मोहनराव हसले. हसताना दात दाखवायचे, हे त्यांना कुणीतरी चांगलं शिकवलं असावं. पेंड दुसऱ्या दिवशी आली.