अख्तरीच्या कनवटीची डबी

मी मिश्रीची डबी बोलतेय. मुरडलंत ना नाक? मुरडा खुशाल. तव्यावर काळीभोर भाजून कुटलेली तंबाखू पोटात घेऊन जिनं जन्म काढला, तिला त्याची सवय असते. पण आज माझं ऐकाच. माझ्या जिवाला घोर लागलाय आणि सांगायला दुसरं कुणी नाही.

माझा पत्रा घासलेटच्या डब्याचा. काष्टीच्या अलीम पत्रेवाल्यानं तो कापला, ठोकला, आणि आठवड्याच्या बाजारात सुरय्यानं मला विकत घेतलं. सकाळी परसात चार बायका उकिडव्या बसल्या की मी हातोहात फिरायची. चिमूटभर मिश्री दाताला लागली की कुणाची सासू, कुणाची सवत, सगळं भडाभडा बाहेर यायचं. पुरुषांना चावडी होती, बायकांना मी होते. त्याचा मला भारी तोरा.

मग सुरय्याची दाढ किडली. ठणका लागला की ती मला उघडायची, मिश्री दाबायची आणि 'बघू उद्या' म्हणायची. फारच झालं तेव्हा बाजारात चिमट्यानं दात उपटणाऱ्यापुढं जाऊन बसली. डोकं धरायला लेक, अख्तरी. दाढ अर्धी तुटली, जबडा सुजला, ताप चढला आणि सुरय्या गेली. मी अख्तरीच्या कनवटीला आले.

अख्तरीचा नवरा लग्नानंतर वर्षातच पटकीनं वारला होता. ती भावाच्या घरी राहायची. कादर माणूस वाईट नव्हता, पण विधवा बहीण घरात किती दिवस ठेवायची, हा त्याला घोर. श्रीगोंद्याचा गनीभाई दोन बायका मातीआड करून तिसरी शोधत होता. नेमका त्याच सुमारास, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, नगरच्या एका तंत्रशाळेत दातांच्या डॉक्टरांचे मदतनीस तयार करायचा वर्ग निघाला. अख्तरीनं भावाची किती मिनतवारी केली!

"एवढा एक वर्ग करू दे, भाई. पास झाले तर दवाखान्यात नोकरी लागंल. न्हाई झाले तर तू म्हनशील तिथं निकाह."

"बघ हां. जबान दिलीयस," कादर म्हणाला. "मागनं रडायचं न्हाई."

असं मी नगर पाहिलं. शिकवायला नृसिंहराव डॉक्टर. चिमटे उकळायचे, प्लास्टर कालवायचं, दात कोरायचं यंत्र पायानं दाबून चालवायचं, रोग्याचं डोकं धरायचं. डोकं धरावं तर अख्तरीनंच. किंचाळणारी पोरंसुद्धा तिच्या हातांत गप्प व्हायची. तिच्याबरोबर शिकणारी इंदू, एका मास्तरांची मुलगी, नवल करायची. "अख्तरी, तुझ्या हातात आहे तरी काय गं?" त्या हातांत अजून आईचं डोकं होतं, हे एक मला ठाऊक.

आणि याच अख्तरीची दाढ दुखत होती! दुसऱ्याला ती बेधडक खुर्चीत बसवायची. स्वतः बसायच्या नुसत्या विचारानं तिला दरदरून घाम फुटे. मग ती हौदामागं जायची, मला उघडायची. ठणका घटकाभर थांबायचा. मला वाटायचं, त्या सगळ्या विलायती सामानापेक्षा माझा गुण मोठा. डॉक्टरांची तर सक्त ताकीद होती, मिश्री लावणारी बाई या वर्गात नको. मी आपली कनवटीत गुपचूप हसायची.

परीक्षा तोंडावर आली आणि अख्तरीचा गाल फुगला. यंत्राशी वाकली तशी मी कनवटीतून निसटले आणि फरशीवर आपटले. काळी पूड सगळीकडं सांडली.

डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी तिला तोंड उघडायला लावलं, आत पाहिलं. "अख्तरी, ही दाढ राहिली तर विष जबड्यात उतरेल. बस खुर्चीत, आत्ता काढतो. मिश्री सोड आणि परीक्षेला बस. तुला घालवायची माझी इच्छा नाही."

"बस गं," इंदू म्हणाली. "डोकं मी धरते."

अख्तरी बसली. चिमटा ओठांजवळ आला मात्र, ताडकन उठली. "न्हाई! अम्मीला असंच बसवलं हुतं!" तिनं मला फरशीवरून उचललं आणि फाटकाबाहेर धूम ठोकली. काष्टीचं घर गाठेपर्यंत तिनं मला मुठीतून सोडलं नाही. घरी पोचताच मला पुन्हा मिश्रीनं भरलं. मी जिंकले होते.

असलं जिंकणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. आता तिचा एक डोळा सुजेनं मिटलाय. अंग तापलंय. उद्या परीक्षा. इंदूनं माणसाकरवी निरोप धाडलाय, डॉक्टर वाट बघतायत, आधी दाढ काढू, मग बाकीचं. ओसरीवर गनीभाई चहा पितोय. मघाशी कादर दारात येऊन उभा राहिला.

"अख्ते, तुझ्याकडं बघवत न्हाई. नगरची गाडी यायची येळ झाली. जायचं आसंल तर टेसनावर मी सोडतो. न्हाईतर आज गनीभाईला हां म्हनून टाकतो. काय ते बोल."

तिनं मला बाहेर काढलं.

घटकाभर ठणका थांबेल. तेवढ्यात गाडी निघून जाईल. मग ती म्हणेल, 'बघू उद्या.' सुरय्याही असंच म्हणायची. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या पोटातल्या मिश्रीची भीती वाटतेय.

फरशीवर आपटून माझी कड चेपलीय. झाकण अडतं. आज मी ते जीव खाऊन आवळून धरलंय. अख्तरी ओढतेय, नखं घालतेय, रडतेय. "उघड ना गं मेले, उघड!" लांबून गाडीची शिटी आली. ओसरीवर कादर उठून उभा राहिलाय.

चीड अख्तरी, चीड माझ्यावर. वाट्टेल त्या शिव्या घाल, उकिरड्यावर भिरकाव मला आणि ऊठ. डोकं धरायला इंदू आहे. मी नाही उघडणार.