इर्जिकीचा भात

कान्हूला माणसं गोळा करायची भारी हौस. लोणावळ्याला रेल्वेच्या गँगमध्ये काही वर्षं काढून तो वाडीत परतला. सगळ्यांनी एकदम जोर लावला की लोखंडी रूळसुद्धा जागचा हलतो, हे त्यानं तिथं पाहिलं होतं आणि ते त्याच्या डोक्यातून जाईना.

वाडी लोहगडाच्या पोटाशी. कोळसा पाडणाऱ्या ठेकेदारांनी वरचं रान उघडं करून टाकलेलं. दर पावसाळ्यात डोंगराची माती खाली येऊन भातखाचरांत बसे आणि उन्हाळ्यात झरा आटे. उताराला आडवे दगडी बांध हवेत, हे लहान पोरालाही कळत होतं. पण तो उतार कुणाच्याच मालकीचा नव्हता, त्यामुळे काम कुणाचंच नव्हतं.

वाडीत इर्जिकीची रीत होती. ज्याचं शेत अडलं त्यानं घरोघर हाक द्यायची. घरटी एक माणूस यायचा, ढोल वाजायचा, काम उरकायचं आणि शेतमालकानं सगळ्यांना भात वाढायचा. मजुरी नाही. मात्र ज्यानं इर्जिकीचा भात खाल्ला, त्यानं पुढच्या हाकेला नाही म्हणायचं नाही.

कान्हूनं हाक दिली ती डोंगरासाठी. लोक हसले. डोंगर काय जेवायला घालणार, असं त्याच्या बालमित्रानं, शिदूनं विचारलं. तेव्हा सावित्राबाई पुढं झाली. एकटी विधवा बाई. तिचं एकुलतं खाचर सगळ्यांत वर, उताराला चिकटून. डोंगराच्या वतीनं मी रांधीन, म्हणाली. पहिल्या दिवशी तिनं रांधलं, मग दुसऱ्या घरानं, मग तिसऱ्या. दोन उन्हाळ्यांत बांध उभे राहिले. झऱ्याला वैशाखातही पाणी दिसू लागलं.

असल्या गोष्टी लपत नाहीत. खालच्या गावचे मोठे शेतकरी दत्तोबा बांध पाहायला आले आणि कान्हूला पंचायतीच्या निवडणुकीला उभं करून गेले. सदुसष्ट साली कान्हू सरपंच झाला. डोंगरातला माणूस सरपंच, वाडीला आभाळ ठेंगणं झालं.

आणि कान्हूनं काम केलं, हे नाकारता येणार नाही. तालुक्याला खेटे घालून त्यानं बांधबंदिस्तीची सरकारी योजना वाडीत आणली. गरिबानं फुकट का राबावं, असं तो सभेत म्हणाला, आणि त्यात चूक ती काय? हजेरीचं मस्टर उघडलं, मुकादम आला. ढोल देवळात टांगला गेला. ज्या बांधांवर वाडी हसतखेळत राबली होती, त्यांच्यावरच आता हजेरी लागून मजुरी मिळू लागली. घराघरांत नवी भांडी आली. फक्त सावित्राबाई एकदा म्हणाली, "कान्हू, उद्या मुकादम गेला तर हाक कोन मारनार?" कान्हूला राग आला. हिला आपलं चांगलं झालेलं बघवत नाही, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

तीन वर्षांनी योजना दुसऱ्या तालुक्यात गेली. मुकादमही गेला.

त्या आषाढात सगळ्यांत वरचा बांध पोटातून झिरपू लागला. सावित्राबाईनं ते आधी पाहिलं. वेळेत दगड लावले तर काम अर्ध्या दिवसाचं होतं. कान्हू पावसात घरोघर फिरला. उद्या सकाळी इर्जिक, म्हणाला. कुणी नाही म्हणालं नाही, पण व्हयसुद्धा कुणी म्हणेना. शिदू तेवढा बोलला.

"मस्टर निघालंय का, सरपंच?"

"न्हाई रं. इर्जिक हाय."

"मग वर कळवा. बांद सरकारचा हाय, आमी हात लावून कसं चालंल?"

शिदू हे भांडायला म्हणत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि कान्हूला तेच जास्त लागलं.

सकाळी कान्हूनं देवळातला ढोल काढला. चामडं सैल पडलेलं. आवाज भद्द यायचा. तरी तो बांधावर उभा राहून वाजवत राहिला. सावित्राबाई तेवढी आली. दोघांनी जमतील तेवढे दगड लावले. दुपारी बांध फुटला. दोघं बाजूला झाली म्हणून वाचली, पण सावित्राबाईचं नुकतं लावलेलं खाचर दगडमातीखाली गेलं. बाई रडली नाही.

मग ती कान्हूला घरी घेऊन गेली. चुलीवर मोठा हंडा होता. हाक दिलीय म्हणजे वाडी येणारच, या भरवशावर तिनं पहाटेच अख्ख्या वाडीचा भात शिजवून ठेवला होता. घरात होता नव्हता तो सगळा तांदूळ त्यात गेला होता.

"बस. हाकंला आलेल्याला उपाशी धाडायचं नसतंय," म्हणून तिनं वाढलं. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कान्हूला वाटलं.

नंतर तिनं हंडा त्याच्या डोक्यावर दिला आणि स्वतः पुढं चालू लागली. सरपंच डोक्यावर हंडा घेऊन मागं, म्हातारी पुढं. एकेका दारात थांबून ती विचारी, "इर्जिकीचा भात हाय. घेता न्हवं?"

प्रत्येक दारात हंड्याकडं पाहून माणसं आत सरत. हा भात खाल्ला की उद्या बांधावर जावं लागणार, हे कुणी विसरलं नव्हतं.

"आमचं जेवान झालं, मावशी," शिदू म्हणाला. त्याच्या मागं, घरात, बायको अजून चूल फुंकत होती.