देवेशचा राहिलेला पेपर

वल्लरीचा पेन ओळीच्या मध्येच थांबला. देवेशनं सांगितलेलं वाक्य तिला नीट ऐकू आलं होतं, पण हात पुढं जाईना.

"लिहिलंस?" त्यानं विचारलं.

"परत सांग."

"राज्यसभेचे सदस्य जनता थेट निवडून देते. पूर्णविराम. पंतप्रधानांना वाटेल तेव्हा ती बरखास्त करता येते."

खिडकीशी बसलेल्या पर्यवेक्षक सुधीर सरांनी मोबाइलवरून नजर उचलली. लेखनिकानं फक्त लिहायचं असतं. सुचवायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. तसं काही आढळलं तर पेपर रद्द. वल्लरीनं मान खाली घातली आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं.

ती स्वतः कॉमर्सची, दुसऱ्या वर्षाला. राज्यसभा तिला कळली ती देवेशमुळेच. कॉलेजच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या दिव्यांग साहाय्य केंद्रात दर शनिवारी ती त्याला पुस्तकं वाचून दाखवायची. देवेशला जन्मापासून दिसत नव्हतं, पण एकदा कानावर पडलेलं तो विसरत नसे. "राज्यसभा बरखास्त होत नाही, म्हणून तर तिला किंमत आहे, कळलं का?" असं टेबलावर बोट आपटून त्यानंच तिला शिकवलं होतं. त्याचे बाकीचे सगळे विषय निघाले होते. राज्यशास्त्राचा हा एक पेपर तेवढा गेल्या वर्षी राहिला.

"घाबरतो गं तो ऐन वेळी," केंद्र चालवणाऱ्या हेमा मॅडम म्हणाल्या होत्या. "तू सोबत असलीस की निघेल या वेळी."

"पुढचा प्रश्न वाच," देवेश म्हणाला.

तिनं वाचला. मान कलती करून त्यानं ऐकून घेतला. त्याचे ओठ आवाज न करता हलले आणि त्या हालचालीवरून वल्लरीला कळलं, की बरोबर उत्तर आधी त्याच्या तोंडात येऊन गेलं आहे. मग तो थोडा थांबला आणि दुसरंच काहीतरी सांगू लागला. त्यात कुठं घाबरणं नव्हतं. चुकायलाही विचार करावा लागत होता, आणि तो तेवढा वेळ घेत होता.

लिहिता लिहिता तिला देवेशच्या कोलशेतच्या घराचं ते दार आठवलं.

दिवाळीनंतर तो बरेच शनिवार फिरकला नाही, तेव्हा रेकॉर्ड केलेले धडे पेन ड्राइव्हवर घालून ती ठाकुर्लीहून त्याच्या घरी गेली होती. त्यांच्या वडिलोपार्जित जमिनीवर आता टॉवर उभा होता आणि वरचा एक अख्खा मजला त्यांचा होता. तिनं बेल वाजवली.

"कोण?"

"मी वल्लरी. दार उघड ना."

"कुलूप बाहेरून आहे गं. आई हळदीला गेलीये."

लिफ्ट बंद आहे असं सांगावं, तसं त्यानं ते सांगितलं होतं. मग दाराच्या अलीकडे ती आणि पलीकडे तो, असे दोघं जमिनीवर बसून बोलत राहिले. बैठं घर होतं तेव्हा तो एकटा खाडीपर्यंत चालत जायचा. वाट पायांना पाठ होती. आता आई भिते. गॅसला, गॅलरीला, लिफ्टला. "तिचंही चुकत नाही म्हणा," तो म्हणाला होता.

तेवढ्यात त्याची आई, तुळसाकाकू आल्या. अंगावर सोनं, गालांना हळद. वल्लरीला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. जेवल्याशिवाय त्यांनी तिला सोडलं नाही.

"याला काय कमी हाय, सांग बरं पोरी? एसी हाय, टीव्ही हाय, मी हाय. बीए झाला का सुटला माझा बाला. मंग कशाला कुठं जायाला लागतंय उन्हातान्हाचं?" असं म्हणत त्यांनी पदरानं देवेशचं तोंड पुसलं होतं. देवेश हलला नव्हता.

वल्लरीनं पुरवणीसाठी हात वर केला. सरांनी ती आणून दिली, तेवढ्यात त्यांचा फोन थरथरला आणि ते बोलत बोलत दाराबाहेर गेले.

आज सकाळीच हेमा मॅडमनी तिला जिन्याशी गाठलं होतं. जूनपासून केंद्र बंद, खोली दुसऱ्या विभागाला दिलीये, माझंही कंत्राट संपतंय. पेपर होईपर्यंत त्याला सांगू नकोस, असं त्या घाईघाईनं म्हणाल्या होत्या.

ती टेबलावर वाकली.

"देवेश, मुद्दाम करतोयस ना?"

त्यानं खुर्ची सरळ केली.

"गेल्या वर्षीपण?"

"पुढचा प्रश्न वाच."

"अरे, केंद्र बंद होतंय. जूनपासून. नापास होऊन तू येणार कुठं आहेस? जे येतंय ते लिहू या ना. अजून निघेल पेपर."

देवेशची बोटं टेबलाच्या कडेवरून एकदा फिरली.

"माहितेय मला," तो हळूच म्हणाला. "गेल्या आठवड्यात कपाटं हलवली त्यांनी. आवाज घुमतो आता खोलीत."

"मग?"

"परीक्षा तर घ्यावीच लागेल ना त्यांना." त्याचा चेहरा खिडकीकडे वळला होता. बाहेर कुणीतरी मोठ्यानं हसत जिना उतरत होतं. ते खालपर्यंत पोचेतो तो ऐकत राहिला. "वर्षातून दोनदा बोलावतात. आई गेटपर्यंत सोडते. तू नसलीस, तर दुसरं कुणीतरी असेल लिहायला."

वल्लरीला काही बोलायचं होतं. पण दारात सरांचे बूट वाजले आणि ती सरळ बसली. प्रश्नपत्रिका हातात घेऊन तिनं पुढचा प्रश्न वाचला. देवेशनं शांतपणे उत्तर सांगितलं. तिनं ते सुवाच्य अक्षरात लिहून काढलं.

सुधीर सरांनी येऊन तिच्या खांद्यावरून उत्तरपत्रिकेकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. ते चांगले गृहस्थ होते.

"तुम्हाला जादा वेळ आहे बरं का अजून," ते म्हणाले. "पण झालं असेल लवकर, तर निघालात तरी चालेल."

"नाही सर," देवेश म्हणाला. "मी शेवटपर्यंत बसणार आहे."