मास्तरांची लेन्स

"एका हातान नको. दोनी हातांनी धर," काशिनाथ मास्तर म्हणाले.

सत्यवानाने दुसरा हात खाली लावला. लेन्स भरलेल्या तांब्यासारखी जड होती. मास्तरांनी खिडकी लोटून खोलीत काळोख केला आणि त्याला ती कॅमेऱ्याला लावून बघायला सांगितलं. कोपऱ्यातला माठ, माठावरचं भांडं, भांड्याच्या काठावरची मुंगी, सगळं दिसत होतं.

"उजेड ओढून घेता ही. पण फोकस हातानच करूचो लागता. आणि तो केसायेवढो. माणूस जरा हललो, की गेलो."

मास्तर मिठबावच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. दशावतारी नटांचे फोटो काढायला त्यांनी अशा दोन लेन्स घेतल्या होत्या. आता त्यांचेच हात कापत होते, म्हणून त्या विकायच्या होत्या.

"दोनी घे नायतर एकय नको. जोडी मी फोडूचंय नाय."

"आधी एक नेवन बघतंय. मगे सांगतंय," सत्यवान म्हणाला.

मालवणला सत्यवानाचा फोटो स्टुडिओ होता. तीस वर्षं त्याने लग्नं, बारशी, मुंजी टिपल्या. कॅमेरा स्वतःच फोकस करायचा, फ्लॅश उजेड पाडायचा. उजवा खांदा तर कॅमेरा उचलून उचलून कामातून गेला होता. असल्या जड लेन्सचं त्याला धंद्यात काहीच काम नव्हतं. त्याला ती हवी होती घरातल्या एका खोलीसाठी.

त्या खोलीत त्याची बायको रुक्मिणी पडून होती. डोक्यात गाठ होती. गोव्याच्या डॉक्टरांनी दोनदा तपासून घरी न्यायला सांगितलं होतं. उजेड तिला सोसत नव्हता. डोळ्यांत सुया टोचल्यासारखं व्हायचं. खिडकीला घोंगडी लावलेली. शेजारच्या देवघरातल्या समईचा जेवढा उजेड दारातून येईल, तेवढाच. सत्यवानाने आपल्या कॅमेऱ्याने एकदा प्रयत्न केला होता. काळोखात फोकस शोधताना कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला आणि रुक्मिणी कण्हत भिंतीकडे वळली. तो दिवा बंद केल्यावर फोकस लागेना.

संध्याकाळी तो लेन्स घेऊन खोलीत आला.

"खंय गेल्लास इतको वेळ?"

"काशिनाथ मास्तरांकडे. लेन्स बघूक. तुझो फोटो काढूचो आसा. लायटीशिवाय निघात."

ती त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "आता काढतास? लग्नांनी तर कायम माकाच लायट धरूक लावलास."

ते खरं होतं. माणूस ठेवणं परवडत नव्हतं तेव्हा रुक्मिणीच फ्लॅशची छत्री धरून त्याच्या बाजूला उभी राहायची. पुढे परवडायला लागलं तरी तीच यायची. वऱ्हाडी जेवून उठले की दोघं मागच्या पंगतीला एकत्र जेवायची.

"तेव्हा सुचूक नाय," सत्यवान म्हणाला.

"बरा. कुंकू लावा माका."

त्याने चाचपडत तिच्या कपाळावर बोट टेकवलं. मग स्टूल ओढून बसला, कोपर गुडघ्यावर रोवलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला. लेन्सची कडी फिरवत गेला तसा धुक्यातून तिचा चेहरा वर आला. तो किती उतरला होता हे त्याला पहिल्यांदाच एवढ्या जवळून दिसलं. औषधं देताना, अंग पुसताना तो काळोखात हातानेच सगळं करत होता. हाताला हे कळलं नव्हतं.

त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग स्टुडिओत जाऊन मोठ्या स्क्रीनवर फोटो पाहिले. कुठे कान स्वच्छ आला होता, कुठे उशीचा अभ्रा. डोळे एकातही स्वच्छ नव्हते. ती श्वास घ्यायची तेवढ्यात निसटायचे.

"इलो काय?" तो परत आल्यावर तिने विचारलं.

"नाय. माझो हात हलता. परत देतंय मास्तरांका."

"रवांदे. सवय होयत. मी खंय जातंय?"

मग रोज संध्याकाळी तसंच होऊ लागलं. तो स्टूलावर बसायचा, ती त्याच्याकडे तोंड करून पडायची. कधी बोलायची. वेंगुर्ल्याच्या एका लग्नात छत्री वाऱ्याने उडून तुळशीवर जाऊन बसली होती, त्याची आठवण काढून हसली. त्या हसण्याचाही फोटो हललाच. पुढे पुढे तिचं बोलणं तुटू लागलं. कधी ती त्याला आपला भाऊ समजायची. तरी कॅमेरा डोळ्याला लावला की हनुवटी जरा वर करायची.

मास्तरांचा फोन आला. "काय ठरलां? वेंगुर्ल्याचो एक जण इचारता."

"तेका थांबाक सांगा," सत्यवान म्हणाला. "मी दोनी घेतंय बहुतेक."

एका पहाटे त्याला जाग आली ती शांततेने. तिचा घरघरणारा श्वास ऐकू येत नव्हता. त्याने तिच्या कपाळाला हात लावला, मग मनगटाला. मग त्याने स्टूलावरचा कॅमेरा उचलला.

कडी फिरवली. चेहरा वर आला आणि तिथेच थांबला. पापण्यांचे केस एकेक मोजता येत होते. काही हलत नव्हतं. त्याचा हातसुद्धा. बोट बटणावर होतं. त्याने ते काढून घेतलं, लेन्सवर झाकण बसवलं आणि बाहेर जाऊन शेजारच्या आनंदीवहिनींना हाक मारली.

बारावं-तेरावं झाल्यावर तो लेन्स घेऊन मिठबावला गेला. मास्तर पडवीत बसले होते. ते आत जाऊन दुसरी लेन्स घेऊन आले.

"पैशांचा मगे बघूया. दोनी ने तू."

"नको. खांद्याक झेपणा नाय."

मास्तरांनी आग्रह केला नाही. परत आलेली लेन्स हातात घेऊन कापडाने पुसता पुसता विचारलं, "फोकस लागलो काय रे एकदा तरी?"

"एकदा लागलो."

"दाखव बघू."

"काढूक नाय," सत्यवान म्हणाला.

मास्तरांचा पुसणारा हात थांबला. मग त्यांनी दोन्ही लेन्स पेटीत ठेवल्या आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. चहा होईपर्यंत दोघं कलमांना मोहोर कमी आल्याचं बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी सत्यवानाने स्टुडिओ उघडला, केर काढला. दहाच्या सुमारास एक कॉलेजची मुलगी आली. फॉर्मला लावायला फोटो हवा होता. त्याने तिला स्टूलावर बसवलं, दोन्ही बाजूंचे दिवे लावले.

"हनुवटी जरा वर," तो म्हणाला.

फ्लॅश पडला.

"काका, माझे डोळे मिटले वाटता."

त्याने स्क्रीनवर पाहिलं. मिटले होते. तो बघत राहिला, तशी ती मुलगी अवघडून हलली.

"काय झाला, काका?"

"काय नाय," तो म्हणाला. "परत काढूया. हडे बघ."