ऐकायची कांडी

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्ही म्हणाल, ही तर पडद्याची दांडी! हसा खुशाल. मी एक जुनी पोलादी कांडी आहे. माझे एक टोक गुळगुळीत, दुसऱ्या टोकाला लाकडी गोळा. मोटारींच्या कारखान्यातल्या एका तरुण इंजिनिअरने मला स्वतःच्या हाताने घडवले. चालू इंजिनाला माझे टोक टेकवायचे, गोळ्याला कान लावायचा आणि इंजिनाच्या पोटात काय दुखते आहे ते ऐकायचे, एवढेच माझे काम.

त्याचा कान भारी तिखट! चाचणीच्या खोलीत कानठळ्या बसत, तरी बेअरिंगची बारीकशी टकटक तो अचूक हेरायचा. नव्या गाडीची पहिली फेरी मारणारा चालक त्याने "ठीक आहे, जाऊ दे गाडी" म्हटल्याशिवाय किल्लीला हात लावत नसे.

"साहेब, तुमच्या कानावर माझा जीव आहे," तो म्हणायचा. तेव्हा माझ्याही अंगावर मूठभर मांस चढे.

कानांवर लावायची झाकणे मात्र खिळ्यालाच लटकत राहिली. बायको रोज बजावून पाठवायची. हा हसून सांगायचा, "अगं, कान झाकले तर इंजिन काय म्हणतंय ते कसं कळणार?"

वर्षे गेली. त्याच्या घामाने माझे लाकूड काळे पडले. मागून हाका मारून लोक थकू लागले. "कामात होतो," एवढेच तो म्हणे.

एके दिवशी त्याने मला एका नव्या इंजिनाला टेकवले. आत टकटक स्पष्ट होती. मी ती जशीच्या तशी त्याच्या कानापर्यंत नेली. त्याने बराच वेळ कान लावला, मग सरळ उभा राहून म्हणाला, "ठीक आहे, जाऊ दे गाडी."

मी जीव तोडून थरथरले. पण मला ओरडता कुठे येते?

वळणावर इंजिन अडकले आणि गाडी भिंतीवर आदळली. चालकाचा पाय कायमचा अधू झाला. दवाखान्यात तो म्हणाला, "साहेब, होतं कधीकधी." ते शब्द माझ्या इंजिनिअरला त्याच्या ओठांवरून वाचावे लागले. त्याने स्वतःहून चाचणीच्या खोलीतले काम सोडले आणि मला घरी आणले. तेव्हापासून मी कात्री आणि दोऱ्यांच्या सोबतीने खणात पडून होते. फार वाईट वाटायचे.

काल त्याच्या लहानग्या नातीने मला बाहेर काढले. आईकडून माझी गोष्ट तिने ऐकली होती. तिने गोळा आजोबांच्या कानाला लावला, दुसरे टोक स्वतःच्या गळ्याला टेकवले आणि हळूच विचारले, "आजोबा, मी हाक मारते तेव्हा तुम्ही बोलत का नाही? माझ्यावर रागावलात?"

एकही शब्द मी सांडू दिला नाही. त्याने बराच वेळ कान लावला. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवून तो हसून म्हणाला, "ठीक आहे."

तोच आवाज, मित्रांनो. पोरगी उत्तराची वाट पाहत त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

गोंगाटात शिराल तेव्हा कान जपा रे बाळांनो. त्याची ती झाकणे मी कारखान्यातून निघाले तेव्हाही खिळ्याला होती, अगदी नवीकोरी.